मळीच्या चिखलातला ताईत

१

रंगुबाईने आडातून पोहरा ओढला, तो काळ्या चहाने भरून आला.

बाई क्षणभर खूश झाली, असं मी पुढे बाजारभर सांगत फिरलो. लढाईचे दिवस, साखर रेशनवर, आणि आडातून फुकट चहा! मग त्या चहात पोट वर केलेला बेडूक दिसला आणि रंगुबाईने अशी किंकाळी फोडली, की राजूरच्या डोंगरात मेंढरं उधळली. मेंढरांचं सोडा, पण गाव आडाभोवती जमलं, एवढं खरं.

आमचं ओहळगाव देवळाली प्रवऱ्याच्या उसाच्या पट्ट्यात, पण पट्ट्याच्या शेपटाला. ऊस दुसऱ्यांच्या रानात आणि घाण आमच्या ओढ्यात. वरच्या अंगाला साखरेचा कारखाना आधीपासून होताच. लढाई लागली, पेट्रोल मिळेना, तेव्हा कंपनीने शेजारी स्पिरिटची भट्टी घातली. मोटारी दारू पिऊन धावायला लागल्या. साखरेतून उरलेली मळी भट्टीत जायची, आणि भट्टीतून उरलेलं काळं पाणी ओढ्याच्या काठी खोदलेल्या तळ्यात. तळ्याला मातीचा बांध. त्या एका बांधाच्या भरवशावर आम्ही जिवंत होतो, आणि तो बांधही बारा महिने पाझरायचा.

त्या तळ्यावरून उडत येणारे बगळे गावापर्यंत येता येता कावळे होतात, असं मी पाहुण्यांना सांगायचो. खरं म्हणजे बगळे यायचेच बंद झाले होते. मासे तर पहिल्याच हंगामात संपले. जनावरं ओढ्याचं पाणी प्यायची आणि फुगून मरायची. बायकांची जोडवी, पोरांचे वाळे, देवाचे टाक, गावातली सगळी चांदी तव्याच्या पाठीसारखी काळी. आधी बायका चिंच लावून घासायच्या. बाजार करून परत येईतो पुन्हा काळी. शेवटी घासणं सोडलं.

वास मात्र आम्हाला येत नव्हता. नाक महिना-दोन महिने कुरकुरतं, मग कंपनीला फितूर होतं. पाहुणा आला की वेशीतच ओकायचा. म्हणून गावात रीतच पडली : पाहुण्याला पाण्याआधी कापलेलं लिंबू. ते नाकाशी धरायचं आणि मग उंबरा ओलांडायचा. माहेरी चार महिने राहून आलेली सूनसुद्धा पुन्हा पाहुणीच. तिलाही लिंबू.

त्या सकाळी तळ्याचा बांध फुटला होता. फुटला कसला, फोडला होता. कुदळीचे घाव आंधळ्यालाही हाताला लागले असते. सगळं काळं पाणी ओढ्यात, ओढ्यातून आडात.

आम्ही बांधाकडे धावलो, तर तिथे आमच्याआधी तालुक्याचे फौजदार उभे. शेजारी कारखान्याचे ओव्हरसियर आप्पासाहेब, नाकाला अत्तराचा रुमाल लावून.

फौजदारांनी मूठ उघडली. मुठीत चांदीचा ताईत होता.

"हा ओळखता का कुणी?"

ओळखत होतो. सगळेच ओळखत होतो. म्हणूनच कुणी बोललं नाही.

२

ताईत रशीदचा होता. कमरुद्दीन अत्ताराचा रशीद. बाप गेल्यावर अत्तर विकणं त्याने सोडून दिलं होतं. या गावात अत्तर विकायचं म्हणजे वाळवंटात छत्र्या विकण्यासारखं. त्याऐवजी त्याने घरोघर फिरून सगळ्या गावाचे अंगठे गोळा केले आणि कंपनीविरुद्ध प्रांतसाहेबांकडे अर्ज धाडला. प्रांतसाहेब दुसऱ्याच दिवशी तळं बघायला यायचे होते.

"समजलं का काय झालं ते?" आप्पासाहेब रुमालाआडून म्हणाले. "साहेबांना तमाशा दाखवायला तुमच्या पुढाऱ्यानेच बांध फोडला. आणि फोडता फोडता दंडावरचा ताईत इथे चिखलात पाडला. आता अर्ज कुणाविरुद्ध चालवायचा ते साहेबच सांगतील."

रशीदच्या हातात बेड्या पडल्या. त्याची आई बिबीजान फौजदारांच्या आडवी आली.

"दसऱ्याला कारखान्याच्या फाटकावर राखणदारांनी याला ढकललं, तवाच दोरा तुटला, साहेब! तवापास्नं याच्या दंडावर ताईत न्हाई. अल्लाची आन!"

"तू आई आहेस. आणखी काय सांगणार?"

गाव खाली मान घालून उभं. रशीद तुरुंगात गेला म्हणजे अर्ज केराच्या टोपलीत, आणि आमच्या आडाचं पाणी जन्मभर असंच. सगळ्यांना ते कळत होतं.

तेवढ्यात गर्दीच्या मागून आवाज आला, "सरका की रं मुडद्यांनो!"

गोजरबाई आली होती.

गोजरबाईचं वर्णन करायचं तर, तिच्या दारावरून जाताना सापसुद्धा चपला हातात घ्यायचे. तिचं घर माझ्या एका बाजूला, बिबीजानचं दुसऱ्या. रशीदच्या बोकडाने एकदा गोजरबाईच्या दुधीभोपळ्याचा वेल खाल्ला, तेव्हापासून दोन्ही घरांत जी लढाई लागली होती तिच्यापुढे जर्मनीची फिकी. माझ्या अंगणावरून शिव्या तोफगोळ्यांसारख्या जायच्या.

मला वाटलं, आता ही रशीदच्या बेड्यांना तेल लावणार. तिने फौजदारांपुढे हात पसरला. हातातले चांदीचे गोठ कोळशासारखे.

"बघू तो ताईत."

फौजदार इतके चमकले की देऊन बसले. गोजरबाईने ताईत डोळ्यांजवळ नेला. वर कोरलेला चांद आणि रशीदचं नाव लांबूनही दिसत होतं. तिने ताईत जरा तिरपा केला, त्यात बघितलं, आणि करंगळीच्या नखाने दातात अडकलेली मेथीची काडी काढली.

"ए बाई!" फौजदारांनी ताईत हिसकावला. "पुरावा आहे तो!"

"व्हय, पुरावाच हाय," गोजरबाई म्हणाली. "जपून ठेवा. आन् पुसू नका."

मग ती रशीदकडे वळली. "रश्या, तुला फासावर द्यायचा तर मी देईन. ही कंपनी कोन देनार? माज्या दुश्मनाला हात लावायचा न्हाई कुनी."

"मावशे, तू नको मधी पडू," रशीद दात चावून म्हणाला. "तुझ्या उपकारापेक्षा तुरुंग बरा."

"मग जा की! उद्या माघारी आनते तुला, आन् तवा बोकडाचं बगू."

३

गोजरबाईकडे ना अधिकार ना अक्षरओळख. पण तिच्या प्रश्नाला उत्तर न देणं म्हणजे तिला दारात बसवून घेणं, आणि तेवढी हिंमत तालुक्यात कुणाची नव्हती. मला तिने साक्षीदार म्हणून बरोबर घेतलं. का, ते तिने सांगितलंच.

"नाना, तुमी खोटं लई बोलता. दुसऱ्याचं खोटं तुमाला लगीच कळंल."

पहिला गाठला पुंजाराम. हा आमच्याच गावचा, पण कंपनीने त्याला तळ्याचा राखणदार नेमला होता. तेव्हापासून गावात त्याच्याशी कुणी चिलमीला चिलीम लावत नसे. तो ओट्यावर बसून भाकरी खात होता. गोजरबाईने ताटच उचललं.

"आधी बोल, मंग गीळ. रातीला कुठं हुतास?"

"तळ्यावरच की! माजं ताट दे."

"आन् बांध फोडताना गप बसलास?"

"मी पल्याडच्या काठाला हुतो. वरडलो, तं पळाला. रशीदच हुता. म्या माज्या डोळ्यांनी बगितला."

"अंधारात?"

"चांदनं हुतं की थोडं. त्येच्या दंडावरला ताईत चमकला. त्येच्यावरनंच वळखला."

"चमकला?"

"लखलख चमकला!" पुंजाराम छातीवर हात ठेवून म्हणाला. पाठ केलेली कविता चुकली नाही म्हणून शाळेतली पोरं खूश होतात, तसं त्याचं तोंड झालं.

गोजरबाईने ताट खाली ठेवलं. ते इतकं हळू ठेवलं, की मला भीती वाटली.

"तळ्यात पानी किती हुतं रं?"

"काठोकाठ. चार दिसांपास्नं आता फुटतंय का मंग फुटतंय. आप्पासायबाला मी कवाच सांगितलं हुतं."

"बरं. खा आता."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "खोटं बोलतोय."

"त्ये मला कळलं. पन त्येला हे शिकवनारा गावातला न्हाई." एवढं बोलून ती गप्प झाली. गोजरबाई गप्प! मी मनातल्या मनात देवापुढे नारळ ठेवला.

वेशीत येतो तो तिथे गलका. माणसं हसत होती. ज्या दिवशी गावाचं पाणी गेलं, त्या दिवशी हसत होती! मधोमध, खांद्यावर गाठोडं टाकून, श्रीमंत उभा होता.

४

श्रीमंत हा झुंबरबाईचा मुलगा. दसरा झाल्यावर बहिणीकडे जातो म्हणून खर्ड्याला गेला होता, तो आता तीन महिन्यांनी उगवला होता. त्याला पाहून म्हातारी झुंबरबाई रडत होती आणि रडता रडता लिंबू कापत होती.

"आई, रडतीस काय? खर्ड्याच्या किल्ल्याची हवा खाऊन आलोय! कोरडा मुलूख, पन काय हवा! आन् हे बग." त्याने बाही वर केली. मनगटात चांदीचं कडं. "खर्ड्याच्या सोनाराकडनं काल सकाळी घेतलं. नवंकोरं. त्येच पावली निघालो. जामखेडला सर्व्हिस मोटार धरली, नगरला आगगाडी, आन् टेसनापास्नं चालत."

कडं हातोहात फिरलं. मीही तोललं. जड होतं, वर वेलबुट्टी. गोजरबाईच्या गोठांच्या जोडीचं शोभावं असं.

"झकास हाय," मी म्हटलं. सगळेच म्हणाले.

गोजरबाईने कडं बघितलं, परत दिलं. "सोनारानं फसवलं न्हाई ना रं? चांदीच हाय ना?"

"अस्सल! माझ्यापुढं वितळवली, माझ्यापुढं घडवली."

झुंबरबाईने लिंबाची फोड पुढे केली. श्रीमंतने ती घेतली, गाठोड्यातून चिमूटभर मीठ काढून लावलं, आणि चोखत चोखत म्हणाला, "वाटेत कळलं, रशीदला धरला म्हनून. मला काय नवल न्हाई वाटलं. दसऱ्यालाच मला म्हनला हुता, श्रीमंता, ह्यो बांध मी फोडनार. फौजदारापुढं सांगाया लागलं तर सांगीन. खोटं कशाला बोलू?"

रंगुबाईने तिथेच त्याच्या पायाशी थुंकलं. काही जण मात्र मान हलवायला लागले. आपल्याच माणसाने सांगितलं म्हटल्यावर काय बोलायचं? सकाळी रशीदसाठी हळहळणारी तोंडं दुपारपर्यंत वाकडी झाली. दिवस मावळायच्या आत कुणीतरी बिबीजानच्या दारात शेणाचा गोळा फेकला.

तो गोजरबाईने उचलला आणि जिथून आला त्याच घरात परत फेकला. खिडकीतून.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला घेऊन कारखान्याच्या बंगल्यावर गेली. बंगला वाऱ्याच्या वरच्या अंगाला, टेकाडावर. तिथे गुलाब फुलायचे. आमच्याकडे बाभळीसुद्धा विचार करून पालवायच्या.

आप्पासाहेब व्हरांड्यात पान लावत बसले होते. चांदीचा पानाचा डबा उन्हात असा झळकत होता की माझे डोळे दिपले.

"तुम्हाला आत कुणी सोडलं?"

"कुनीच न्हाई. आमी आलो," गोजरबाई म्हणाली. "तळ्यात पानी किती हुतं, सायेब?"

"निम्मं. निम्म्यालाही कमी. आमचं तळं कधीच भरत नाही, अर्जात लिहिलेलं सगळं खोटं आहे. आज प्रांतसाहेबांना तेच तर दाखवणार होतो."

"आता रिकामंच दावा की."

"तेही तुमच्याच माणसाच्या कृपेने!" आप्पासाहेबांनी चुना पुसला. "बाई, तुम्हा लोकांना घाणीची सवय आहे. वास तुम्हाला येत नाही, तुम्हीच सांगता. मग तक्रार कसली करता?"

मला वाटलं, डबा आता त्यांच्या डोक्यात बसणार. पण गोजरबाई डब्यावर वाकली आणि म्हणाली, "लई पांढरा ठेवलाय. कोन घासतं?"

"नोकर घासतो. रोज."

"पांढरी शुभ्र चांदी! किती दिसांनी बगितली वो नाना आपन?" ती माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. दुःखाचं नव्हतं. शिकार टप्प्यात आली की मांजराच्या डोळ्यांत येतं, ते.

टेकाड उतरताना तिने मला एवढंच विचारलं, "चावडीवर च्या कराया लावता का? प्रांतसायेब बसले पायजेत. एक पेला च्या हुईस्तवर तरी."

"चहाला पाणी कुठलं?"

"कंपनीच्या नळाचं आना. चोरून."

६

प्रांतसाहेब तरुण होते आणि रागात आले होते. वेशीत उतरताच घेरी आली, झुंबरबाईचं लिंबू त्यांनी नाकाशी धरलं ते सोडलंच नाही. चावडीवर बसून एका हातात लिंबू आणि एका हातात अर्ज धरून ते चिडून बोलायला लागले.

"अर्ज करायचा, आणि मी येण्याआधी कायदा हातात घ्यायचा? बांध फोडणाऱ्याला शिक्षा होईल आणि हा अर्ज इथेच निकालात निघेल."

रशीद बेड्यांत, खाली जमिनीवर. आप्पासाहेब खुर्चीवर. पुंजाराम आणि श्रीमंत साक्षीला हजर. फौजदारांनी ताईत टेबलावर ठेवला.

"सायेब," गोजरबाई पुढे झाली, "शिक्षा द्या. पन आधी च्या घ्या."

"ही कोण?"

"ही गोजरबाई," फौजदार कंटाळून म्हणाले. "बोलू द्या साहेब, नाहीतर संध्याकाळ होईल."

तिने पदराखालून गाडगं काढलं. त्यात फुटलेल्या बांधाजवळचा काळा चिखल. "फौजदारसायेब, ह्यो ताईत तुमाला कुठं घावला?"

"बांधाच्या चिखलात. रात्रभर तिथेच पडला होता."

"मंग त्येला पुन्ना त्येच्या घरी घाला. च्या हुईस्तवर."

आप्पासाहेब उठलेच. "पुराव्याशी खेळ करू देणार तुम्ही?"

प्रांतसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, ताईताकडे पाहिलं, आणि स्वतःच्याच हाताने तो गाडग्यात टाकला. मी चहा आणला. साहेबांनी लिंबू न सोडता तो प्यायला. सगळी चावडी गाडग्याकडे बघत होती, जसं काही त्यातून वाघ निघणार होता.

पेला रिकामा झाला. गोजरबाईने चिखलात बोटं घातली, ताईत काढला, पदराने पुसला आणि टेबलावर ठेवला.

काळा. कोळशासारखा काळा. चांद दिसेना, नाव दिसेना.

"एका पेल्यात ह्यो रंग," ती म्हणाली. "मंग रातभर त्या चिखलात पडलेला ताईत सकाळी पांढरा कसा? काल मी त्यात बगून दात कोरले, सायेब. सगळ्या गावानं बगितलं. ह्यो ताईत रातीला तिथं नव्हताच. फौजदार यायच्या घडीभर आदी कुनी तरी आनून ठेवला."

फौजदारांचा चेहरा ताईतासारखाच झाला.

"कुणी?" प्रांतसाहेबांनी विचारलं.

"आमच्या गावात येकाकडं बी पांढरी चांदी न्हाई." तिने दोन्ही हात पुढे केले, गोठ खणखणले. मग बायकांकडे बोट केलं. कुणी जोडवी दाखवली, कुणी पैंजण. सगळं काळं. "दसऱ्याला फाटकावर रश्याचा ताईत तुटला, तवा त्यो बी असाच हुता. ज्येनं उचलला त्येला वरचं नाव वाचता येईना. नाव वाचता आलं न्हाई तर पुरावा कसला? म्हनून घासला. आन् ज्येच्या घरी चांदी रोज घासत्यात, त्येला वाटलं चांदी पांढरीच असती. ह्यो पुंजाराम बी सांगतो, अंधारात ताईत लखलख चमकला! का रं पुंज्या, ह्या गावात चांदी चमकताना तू कवा बगितली?"

पुंजाराम आधी आप्पासाहेबांकडे बघत राहिला. तिकडून मदत येईना, तेव्हा तो प्रांतसाहेबांकडे वळला.

"मला सायबांनीच असं सांगाया लावलं. त्या राती मला बंगल्यावर लाकडं फोडाया बोलावलं हुतं. मी तळ्यावर नव्हतोच."

आप्पासाहेब हसले. हसू बरं जमलं नाही. "म्हणजे बांध मी फोडला? या हातांनी कुदळ घेऊन?"

"न्हाई वो," गोजरबाई म्हणाली. "तुमच्यानं सुपारी बी कातरत न्हाई. कुदळ धरनारा आमच्यातलाच. श्रीमंता, कुठं निगालास?"

श्रीमंत दारापाशी पोचला होता. तिथे रंगुबाई उभी होती, हातात रिकामा पोहरा. तो परत आला.

"मी तर खर्ड्याला हुतो! तीन महिने!"

"तीन महिने चांगली हवा खाऊन आलास, आन् वेशीत तुला उलटी न्हाई? ह्यो सायेब बग, अजून लिंबू सोडत न्हाई. तू तं मीठ लावून चोखलंस."

"मला आवडतं लिंबू!"

"बरं. कडं दाखव."

त्याने हात मागे घेतला. फौजदारांनी तो पुढे ओढला.

"परवा सकाळी सोनाराकडनं घेतलं. तुज्यापुढं वितळवून घडवलं. नवंकोरं," गोजरबाई एकेक शब्द चावून बोलत होती. "मंग खर्ड्यापास्नं हितवर येईस्तवर तव्यासारखं कशानं झालं? गाडीत काजळी खात बसलास?"

कालच ते कडं आम्ही सगळ्यांनी हातात घेतलं होतं. मी तोललं होतं, झकास म्हटलं होतं! काळं आहे हे डोळ्यांना दिसलं होतं आणि एकालाही त्यात वावगं वाटलं नव्हतं. नाकासारखे डोळेही कंपनीने कधी नेले, कळलं नाही. आणि श्रीमंतला तरी कसं कळावं? तोही आमच्याच ओढ्यातला. चांदी म्हणजे काळी, हे त्याच्याही अंगवळणी पडलेलं.

"ह्यो खर्ड्याला गेलाच न्हाई," गोजरबाई म्हणाली. "भट्टीच्या मागल्या खोल्यांत पडून हुता. आमच्यापरीस जवळ, आमच्यापरीस घानीत. आमच्या नाकाखाली राहिला आन् वास आला न्हाई आमाला. काय देनार हुते रं तुला?"

श्रीमंतने आईकडे पाहिलं. झुंबरबाईने तोंड फिरवलं.

"मुकादमकी," तो म्हणाला. "भट्टीवरली."

"आन् सायेब, बांध का फोडला म्हनाल, तर तळं काठोकाठ भरलं हुतं. पुंज्या मला बोललाय. तुमी ते बगितलं असतं तर आमचा अर्ज खरा ठरला असता. म्हनून तळं आमच्या आडात रिकामं केलं, आन् खापर अर्ज करनाऱ्यावर."

प्रांतसाहेबांनी वेळ बघायला खिशातलं घड्याळ काढलं आणि तसेच थांबले. घड्याळाची साखळी चांदीची होती. सकाळी ती शुभ्र असणार. आता तिच्यावर चहाच्या डागासारखा पिवळट-तपकिरी थर चढला होता. त्यांनी तो अंगठ्याने पुसला. गेला नाही. मग त्यांनी अर्ज पुन्हा उघडला आणि पहिल्यांदाच, मला वाटतं, नीट वाचला.

"बेड्या काढा याच्या," ते फौजदारांना म्हणाले. "आणि दुसऱ्या दोघांना लागतील, त्या इथेच ठेवा."

७

श्रीमंत तुरुंगात गेला. आप्पासाहेबांना कंपनीने चांगला वकील दिला. त्याने वर्षभर तारखा लांबवल्या, पण शेवटी तेही गेले. काळं पाणी ओढ्याकडे सोडायचं नाही, असा प्रांतसाहेबांचा हुकूम निघाला. कंपनीने पाय आपटले, अपील केलं, आणि मग पुढच्या हंगामाआधी पलीकडच्या तिच्याच माळावर चर खणले. तिथला वास आता तिच्याच बंगल्यावर जातो, असं मी सांगतो. आम्ही आड उपसला. सहा वेळा उपसला, सातव्यांदा पाणी पाण्यासारखं दिसलं.

रशीदने ताईत घासला नाही. काळाच दंडावर बांधला. बिबीजान चिंच घेऊन मागे लागायची, तर म्हणायचा, "राहू दे. पुरावा हाय तो."

सुटून आला त्या दिवशी त्याने गोजरबाईला सलाम केला होता. तिने दार लावून घेतलं होतं. मग लढाई थंडावली. दोन्ही घरांतून आवाज येईना. माझी फार गैरसोय झाली.

ओढा निवळल्यावर पहिल्या थंडीत एके सकाळी गोजरबाई माझ्या दारात आली. हातातले गोठ तिने चिंचेने घासले होते. बाजार होऊन गेला तरी ते पांढरे होते. ती ते उन्हात फिरवून बघत होती. मला वाटलं, बाईला भरून आलं असेल.

तिने वारा घेतला. नाक उडवलं. पुन्हा घेतला.

"नाना," ती हळूच म्हणाली, "तुमाला कसला वास येतोय का वो?"

मी नाक वर केलं. पहिल्यांदा काही कळलं नाही. इतक्या वर्षांनी नाक नोकरीवर परतलं होतं, त्याला काम आठवायला वेळ लागला. मग आला. उग्र, आंबट, दोन्ही घरांच्या मधल्या कुंपणाकडून.

"रश्या!" गोजरबाईने पदर खोचला आणि माझ्या अंगणावरून तोफ डागली. "ए अत्ताराच्या! त्यो तुजा बोकड बांध तिकडं! किती घान मारतोय मेला! आजवर कळलं न्हाई म्हनून काय कायम सोसू व्हय?"

पलीकडचं दार उघडलं. रशीद बाहेर आला, काळा ताईत दंडावर, आणि त्याने दोन्ही नाकपुड्या भरून श्वास घेतला.

"मावशे," तो ओरडला, "वास येतोय तुला? खरंच येतोय?"

"येतोय तं! मग काय, खोटं बोलतीय?"

"मग नाही बांधत!"